पाच ऊस, वाढ्यासकट

द्वारकामावशी, तुम्ही सांगितलेलं शेवटचं काम मी मोठ्या तत्परतेनं केलं आणि चुकीच्या दारात केलं. ते तुमच्या कानावर घालायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसलोय.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला बघायला बीडच्या दवाखान्यात आलो होतो. छातीत कफ धरलेला, दोन शब्दांत धाप लागत होती, तरी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून तुम्ही म्हणालात, "सर, पाच ऊस पोचवा. वाढ्यासकट. बोडके नगं." कुठं, असं मी विचारेपर्यंत सिस्टर आल्या. त्यांनी मास्क परत बसवला, तुम्हाला दटावलं आणि मला बाहेर काढलं. मीही फार डोकं चालवलं नाही. कार्तिक महिना, पाच ऊस, म्हणजे तुळशीचं लग्न, दुसरं काय असणार? मी ओळखीच्या मळ्यात गेलो, शेंड्याच्या हिरव्या पात्यांसकट पाच ऊस काढून घेतले आणि मोटारसायकलला आडवे बांधून तुमच्या वस्तीवर नेले. समोरून येणारा प्रत्येक जण मला शिव्या घालून पुढं जात होता. तुमच्या कुलूपबंद दारापुढं, तुळशीला टेकवून ऊस नीट उभे केले आणि पुण्य गाठीला बांधल्याच्या थाटात घरी येऊन जेवलो.

पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. मातीला तुमचा मुलगा आणि सून मुक्ता उसाच्या फडातून आले. मुक्ता रडता रडता मध्येच थांबली. "हे ऊस कुनी ठिवले दारात?"

"मी ठेवले. मावशींनी सांगितलं होतं."

"आत्याबाईंनी? त्या तर तुळशीचं लगीन लावतच न्हाईत. आमी फडात, त्या घरात येकल्या. म्हनायच्या, वऱ्हाड गेलंय ऊस तोडाया, मी लगीन कुनाच्या जिवावर लावू?"

भरल्या अंगणात तो विषय तेवढ्यावरच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. तुमच्या जाण्याचं दुःख होतंच, पण त्याच्या आडून हा प्रश्न सारखा टोचत होता, की मग ते पाच ऊस होते कुणासाठी? तुम्ही असता तर हसला असता. "सरांना कोडं घातलं की सरांचं जेवन उतरत न्हाई," असं तुम्ही केंद्रात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. खरंच उतरत नव्हतं.

आपली गाठ पडली तेव्हा मी रेडिओ केंद्राचा नवानवा व्यवस्थापक होतो. पाटोद्याच्या बाहेर दोन खोल्या, एक मनोरा आणि पंधरा-वीस गावांपुरता आवाज पोचेल एवढं यंत्र. सामुदायिक रेडिओ म्हणजे काय, हे गावोगाव समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. मी जन्मानं उमापूरचा, पण दहा वर्षं शहरातल्या वर्तमानपत्रात काढून आलेला, आणि परवान्याच्या सगळ्या अटी मला तोंडपाठ. त्याचा मला अभिमानही होता. तुम्ही वीस हंगाम कोयता चालवून, गुडघे गेल्यावर घरी बसलेल्या. केंद्रात तुम्ही पहिल्यांदा आलात त्या भांडायलाच. "ती रेडूवरची पोरगी दिसभर खतं सांगती. गावातली हातापायानं धड मानसं समदी ऊसतोडीला गेली. आता मी म्हातारी खत टाकू का?" मी त्याच आठवड्यात तुम्हाला माइकपुढं बसवलं. माझ्या हातून झालेलं ते एक शहाणपण.

तुमच्या कार्यक्रमाचं नाव 'सांगावा' ठेवलं. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता. घरच्यांचे निरोप फडातल्यांना आणि फडातल्यांचे घरच्यांना. आता आपल्या मनोऱ्याचा आवाज कोल्हापूरकडच्या फडापर्यंत जायचा प्रश्नच नव्हता, आणि मी त्यावर हात टेकले होते. तोड तुम्ही काढलीत. कार्यक्रम मेमरी कार्डात भरायचे आणि तिकडं निघालेल्या ट्रकवाल्याच्या हाती द्यायचे. फडात फोनला कधी रेंज नसते, कधी चार्जिंग नसतं, पण प्रत्येक टोळीत एखादा छोटा स्पीकर असतोच. कार्ड घातलं की पाचटाच्या सगळ्या कोप्या-झोपड्यांमध्ये ऐकू जातं. निरोप पंधरा दिवसांचे शिळे व्हायचे, पण ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाच वाटायचं.

पहिल्याच कार्यक्रमात तुम्ही सांगितलंत की लिंबागणेशला अमक्याची म्हैस व्याली. मी काचेपलीकडून हात वर केला. परवान्याची पहिली अट अशी, की आमच्यासारख्या केंद्रानं स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत.

"मावशी, ही बातमी झाली."

"म्हस व्याली ही बातमी?"

"घडलेली घटना आहे ना ती."

"मंग न व्यालेल्या म्हशीचं सांगू का, सर?"

तीन दिवस आपण त्या म्हशीवरून भांडलो. शेवटी मी तिला 'घरगुती निरोप' या सदरात बसवलं आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. तेव्हापासून तुम्ही मला 'नियमवाले सर' म्हणायला लागलात आणि मी मनातल्या मनात तुमच्या प्रत्येक वाक्याला कात्री लावून बघायला लागलो.

तुम्हाला दुसरं कुतूहल होतं ते आमच्या नोंदवहीचं. झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाची तीत नोंद करावी लागते. नाव, वेळ, भाषा आणि शेवटचा रकाना सहभागी लोकांचा, स्थानिक की बाहेरचे. अक्षरं जुळवत जुळवत तुम्ही तो रकाना वाचलात आणि त्यावर बोट ठेवून विचारलंत, "आमी वीस सालं तिकडं काडली. तिकडच्या वहीत आमाला काय लिवलं आसंल?"

"बाहेरचे."

"आन् हितं सहा म्हैने आमी नसतोच. मंग आमी कुटले, सर?"

मी हसण्यावारी नेलं. मावशी, तुम्ही तेव्हा खरंच विचारत होतात का? तुमचं मला हे कधी कळलंच नाही, की तुमची थट्टा कुठं संपते आणि तुमचा प्रश्न कुठं सुरू होतो.

मग गेल्या वर्षीचा कार्तिक आला. दसरा झाला की आपली माणसं फडाकडं निघतात, आणि त्याच सुमाराला कापूस येतो, म्हणून जिनिंगवर बिहारची माणसं येतात. मी हे लहानपणापासून बघतोय. या दोन गोष्टी एकाला एक जोडून मात्र मी कधी बघितल्या नव्हत्या. तुम्ही बघितल्यात. "ऐकनारे तिकडं गेले. जे हितं हायत त्यांच्याशी आपन बोलतच न्हाई. मंग ह्यो रेडू चालू हाय कुनासाठी?" मी म्हणालो, त्यांना मराठी कुठं येतंय. तुम्ही म्हणालात, "तुमी इचारलं का?" मी विचारलं नव्हतं.

सुनैनादेवी तुम्हाला बाजारात भेटली, आणि ती गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की मी तिथं हजर होतो असंच आता वाटतं. जिनिंगवर सरकी गोळा करणारी, नाकापर्यंत पदर घेतलेली एक बाई ऊसवाल्याच्या गाड्यापुढं उभी होती. एकेक ऊस उचलून बघायची आणि खाली ठेवायची. ऊसवाला वैतागला होता. तुम्ही मध्ये पडलात. बाई हातानं खूण करून सांगत होती, वरचं कुठंय, पानं कुठायत? मग तुम्हाला कळलं की तिला वाढं लागलेला ऊस हवाय आणि गाड्यावर सगळे शेंडे छाटलेले. "आगं, देवाला का?" असं तुम्ही विचारलंत आणि तिनं मान हलवली. त्यांच्याकडं दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते, पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात, आणि तिथं उसाचा मांडव लागतो, आपल्या तुळशीला लागतो तसाच. तुम्ही तिला सरळ मळ्यात घेऊन गेलात. गुडघे गेल्यापासून कोयत्याला हात लावला नव्हता, तो त्या दिवशी लावलात आणि पाच ऊस तोडून दिलेत. "येक घाव, येक ऊस. इसरले न्हाई बगा," हे मला सांगताना तुमचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला होता.

छठच्या संध्याकाळी तुम्ही केंद्राचा छोटा रेकॉर्डर घेऊन जिनिंगवर गेलात. नदी नाही, तळं नाही, जिनिंगच्या सिमेंटच्या हौदात त्या बायका उभ्या राहिल्या होत्या. तुम्ही सुनैनादेवीला बोलतं केलंत, तिचं गाणं घेतलंत. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण माझ्यापुढं ठेवून म्हणालात, "ह्ये लावायचं गुरवारी. काय बी तोडायचं न्हाई."

मी तोडलं.

कसं तोडलं तेही सांगतो. मी ते पूर्ण ऐकलंसुद्धा नाही. तिची भाषा सुरू झाली की मी कात्री चालवायचो आणि मध्येमध्ये तिचा अर्थ सांगणारं तुमचं मराठी सुरू झालं की थांबायचो. स्थानिक भाषा ही अट माझ्या डोक्यात पक्की बसलेली. शिवाय कार्यक्रम पंधरा मिनिटांचा, त्यामुळं शेवटचा भागही न ऐकताच सोडून दिला. गुरुवारी सहा वाजता वाजला तो सगळा तुमचाच आवाज. बिहारच्या सुनैनाबाई म्हणतात की अमुक, सुनैनाबाई सांगतात की तमुक. मला वाटलं, किती छान जमलंय.

शुक्रवारी तुम्ही आलात. चप्पल बाहेर न काढता आत आलात, त्यावरूनच मी ओळखलं.

"बाईनं नवी साडी नेसली व्हती, सर. सोताचा आवाज ऐकायला. समदी जिनिंग जमली व्हती त्या येवढ्याशा फोनभोवती. आन् तिच्या तोंडून येक सबूद न्हाई निगाला."

मी अटी सांगितल्या. मग त्याहून मोठं सांगायला लागलो. ही माणसं इथं रुळायची असतील तर त्यांनी इथली भाषा शिकायला हवी, आपण केंद्रातर्फे वर्ग काढू, मराठी आली की सुनैनाबाईंना जरूर माइकवर बसवू. मी हे मनापासून बोलत होतो. आजही त्यातलं निम्मं मला पटतं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "आमाला तिकडची बोली येत व्हती. वीस सालात येनारच की. ज्या गावात आमची टोळी उतरायची तितं देवळावर भोंगा हाय. कीर्तन कवा, जेवन कवा, पोरांची शर्यत कवा, समदं सांगायचा. वीस सालात आमच्या नावानं येकदाच वाजला. ऊसतोडवाल्यांनी जनावरं वढ्यात सोडू न्हाईत. येवडंच. कळत समदं व्हतं आमाला, सर. पन बोलाया कुनी बोलिवलं न्हाई."

मी नोंदवही उघडून काहीतरी लिहायचं सोंग केलं. तुम्ही आठ दिवस केंद्रात आला नाहीत. नवव्या दिवशी आलात, माइकपुढं बसलात आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात कुणाची तरी म्हैस व्याल्याचं सांगितलंत. तो विषय तुम्ही परत काढला नाहीत. मी समजलो की मी जिंकलो. वर्षभर मी तसंच समजून चाललो होतो, काय सांगू तुम्हाला.

तुमच्या दहाव्यानंतर मुलगा आणि सून परत फडाकडं गेले. चार दिवसांनी मुक्ताचा फोन आला. कुठल्या तरी उंचवट्यावर चढून लावला असावा, मागं वारा नुसता घोंघावत होता.

"सर, ते गेल्या सालचं कार्ड खराब झालं. बाया म्हनत्यात, त्या बिहारी बाईचं गानं पुन्ना भरून द्या."

"कुठल्या बाईचं?"

"आवं, ती हौदात हुबी ऱ्हायलेली. आत्याबाईंनी ऊस तोडून दिला तिला. गेल्या साली आमी लई ऐकलं ते. मोळ्या बांधताना चालूच असायचं. आमच्या टोळीतल्या पोरींना पाठ झालंय. तुमी रेडूवर लावलं न्हवतं का?"

मी काय बोललो आठवत नाही. बहुधा 'बघतो' म्हणालो. फोन ठेवला. मग एकटाच हसलो, मावशी. कार्डाला परवाना लागत नाही! मनोऱ्यावरून जे जातं त्याच्यावर माझी कात्री, ट्रकवाल्याच्या खिशातून जातं त्याच्यावर कुणाची? तुम्ही माझ्याशी भांडण मिटवलं नव्हतंत, फक्त न कापलेलं सगळं कार्डात भरून, मला वळसा घालून पुढं गेला होतात. मला न सांगता. राग यायला हवा होता, पण मला नुसती हुरहूर लागली. का सांगितलं नाहीत मला? सांगितलं असतं तर मी ते कार्डही कापलं असतं म्हणून? बहुतेक कापलं असतं.

तुमचा रेकॉर्डर केंद्रातल्या खणातच होता. त्याच दुपारी मी तो कानाला लावला आणि गेल्या वर्षी न ऐकलेलं सगळं ऐकलं. आधी हौदातल्या पाण्याचा आवाज. मग सुनैनादेवी हळूहळू बोलायला लागते, तुम्ही मध्येच मोडक्यातोडक्या हिंदीत काहीतरी विचारता आणि ती खळखळून हसते. ती हसतेय हे मला माहीतच नव्हतं, कारण मी तिथूनच कापलं होतं. मग गाणं, लांबलचक, एका चालीत फिरत राहणारं, तीन-चार बायकांचं. त्यात 'गंगा' आणि 'सूरज' एवढंच मला धड कळलं. आणि अगदी शेवटी, कार्यक्रमात मावत नाही म्हणून मी सोडून दिलेल्या भागात, तुमचा आवाज आला. "पुडच्या साली बी तुला पाच ऊस मीच आनून देनार. बाजारात फिरू नगं. वाढ्यासकट आननार, जबान हाय माजी."

मी रेकॉर्डर बंद केला. त्या पाच उसांची गोष्ट तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकूनही मला हे सुचलं नव्हतं; आता कोडं सुटलं होतं आणि मला रडू आवरत नव्हतं.

दवाखान्यात तुम्ही तिथी मोजत असणार. छठला तीन दिवस राहिलेत, आपण इथं अडकलोय, कुणाला तरी सांगायला हवं. आणि सांगितलंत कुणाला, तर मला. वर्षभर ज्याच्यावर या बाबतीत भरवसा ठेवला नाहीत, त्या माणसाला. मावशी, जवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून सांगितलंत, की मला एक संधी देऊन बघत होतात? हे मला आता कधीच कळणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचंय ते हेच.

संध्याकाळी मी परवान्याचे कागद काढले. तोंडपाठ होते ना मला! पुन्हा एकदा बोट ठेवून, तुमच्यासारखी अक्षरं जुळवत वाचले. अट एवढीच होती की कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत असावेत. दुसऱ्या भाषेला मनाई कुठंच नव्हती. ती मनाई माझी होती, मी ती सरकारच्या नावावर खपवत होतो.

दुसऱ्या दिवशी जिनिंगवर गेलो. सुनैनादेवी यंदाही आलीय. अंगावर, केसांवर, पापण्यांवरसुद्धा कापसाची रुई. मी कुठून आलो हे सांगताच तिचा चेहरा बंद झाला. पण माझ्या मागं रस्त्याकडं बघत तिनं विचारलं, "मौसी नहीं आयीं?"

मी तिला सांगितलं. माझं हिंदी शहरातलं, वर्तमानपत्री. 'देहान्त' म्हणालो, आणि तो शब्द तोंडातून जाताच मला स्वतःचीच चीड आली. ती खाली सरकीच्या ढिगाऱ्यावर बसली. पदर तोंडावर धरून बराच वेळ रडली. मग तिनं जे सांगितलं ते असं, की छठच्या दिवशी दुपारपर्यंत ती फाटकाशी उभी होती. मग रसवंतीवरून दोन कांडकी मागून आणली आणि तेवढ्यावर भागवलं. "हम समझे, मौसी भुला गयीं."

"नाही भुललीं," मी म्हणालो. हिंदी, मराठी, काय येईल ते बोलत होतो. "दवाखान्यातून सांगितलं होतं त्यांनी. पाच ऊस. मीच दुसऱ्या घरी नेऊन ठेवले. गलती मेरी."

तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला. नंतर विचारलं, "दवाखाने से बोलीं?" मी हो म्हणालो. तिनं ते पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला तिच्या भाषेत सांगितलं. मला वाटतं, तुम्ही विसरला नव्हतात एवढंच तिनं सांगितलं असावं.

मी तिला गुरुवारी केंद्रात बोलावलं. मावशींबद्दल बोला, म्हणालो. ती लगेच हो म्हणाली नाही. "फिर काट देंगे आप?"

"नाही. तुम्ही बोलाल तसंच्या तसं त्याच घडीला जाईल. कापायला वेळच राहणार नाही."

गुरुवारी ती आली. साडी साधीच नेसली होती, कामावरची. पुन्हा फसायची तयारी नव्हती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. मी आधी गेल्या वर्षीचं ध्वनिमुद्रण लावलं, पाण्याच्या आवाजापासून तुम्ही दिलेल्या शब्दापर्यंत, एक अक्षर न तोडता. ती काचेपलीकडं बसून स्वतःचा आवाज ऐकत होती. हसण्याच्या जागी ती परत हसली. तुम्ही बोललात तेव्हा तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग मी माइक तिच्याकडं सरकवला.

ती काय काय बोलली ते मला सगळं सांगता येणार नाही. निम्मं कळलं, निम्मं निसटलं. तुमच्या कोयत्याबद्दल बोलली, बाजाराबद्दल बोलली, तिच्या गावातल्या नदीचं नाव घेतलं. एका ठिकाणी तिनं एक लांब वाक्य म्हटलं, ज्यात दोनदा 'मौसी' आलं, आणि तिचा आवाज अगदी खाली गेला. ते काय होतं मावशी? मी नंतर तिला विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तुम्ही मला अर्थ सांगितला असता, मी तो कापून-छाटून लावला असता, आणि मला सगळं कळलंय असं समजून घरी गेलो असतो. त्यापेक्षा हे बरं.

कार्यक्रम संपता संपता लिंबागणेशहून एका आजीचा फोन आला. त्या तुमच्या नेहमीच्या श्रोत्या, म्हशीवाल्या. मी घाबरतच विचारलं, "आजी, कळलं का काही?"

"न्हाई कळलं समदं. द्वारकीसाठी रडत व्हती ना ती?"

"हो."

"मंग ऱ्हायलं काय? पुडच्या गुरवारी तिलाच बशिवा."

मी नोंदवही उघडली. कार्यक्रम: सांगावा. वेळ: सव्वीस मिनिटं, ठरलेल्यापेक्षा अकरा जास्त. भाषा: भोजपुरी आणि मराठी. शेवटच्या रकान्यापाशी मी जरा थांबलो. मग लिहिलं, सुनैनादेवी आणि द्वारकाबाई, दोघीही स्थानिक. महिन्याच्या बैठकीत केंद्रावर देखरेख करणाऱ्या समितीतले लोक विचारतील, आणि विचारायलाच हवं त्यांनी. मी तुमची उत्तरं देईन, म्हशीपासून सुरू करून. तुम्ही नाही म्हणून मला जरा भीती वाटतेय, एवढं खरं.

हाच कार्यक्रम नव्या कार्डात भरून परवा ट्रकवाल्याच्या हाती दिलाय. मुक्ताच्या टोळीतल्या बाया आता मोळ्या बांधताना तो ऐकतील, आणि त्या कोल्हापूरकडच्या गावातलं कुणी बांधावरून जाताना चार शब्द ऐकेल, तर तो मनात काय म्हणेल याचं मला फार कुतूहल आहे. मुक्ताला सांगितलंय, कळव म्हणून.

काल तुमच्या वस्तीवरून आलो. तुळशीपाशी ते पाच ऊस अजून उभे आहेत, वाळून कडक झालेले, वाढं पिवळं पडलेलं. काढून टाकायचे म्हणून हात लावला आणि तसाच परत घेतला. राहू द्यात थोडे दिवस. पुढच्या कार्तिकात मी नवे पाच आणीन, बोडके नाहीत, वाढ्यासकट. दार आता मला माहीत आहे.